फोनवारची हजेरी

नाव घ्यायचं तर पहिलं हलिमाचाचीचं घ्या. तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगतो, चाची नसती तर आज मी मुंबईत कुठल्यातरी कँटीनमध्ये ट्रे उचलत असतो, माझ्या बापासारखा. ते काम वाईट नाही, बापानं त्याच्यावरच आम्हाला वाढवलं, पण मग मी गुरुजी झालो नसतो आणि ही भीतीसुद्धा माझ्या वाट्याला आली नसती. लोकांना वाटतं पगारी नोकरी लागली की माणूस निवांत झाला. काय सांगू तुम्हाला, रोज सकाळी शेवटचं पोर पोचेपर्यंत मी शाळेच्या दारातून हलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या अंगाला. आई दुसऱ्यांच्या भाताच्या लावणीला जायची, बाप शिमग्याला आणि गणपतीला यायचा. घरात कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं, मी दहावी झालो तेव्हा आईनं निकालाचा कागद देवाजवळ ठेवला आणि त्याच्यावर हळदकुंकू टाकलं, त्यामुळे पुढं कॉलेजात दाखवायला तो कागद पिवळाच होता, तिथला कारकून म्हणाला, काय रे, कागदाचं लग्न लावलंस काय. तर कॉलेज म्हणजे महाड. आणि महाडात राहायचं कुठं? बापाबरोबर कँटीनमध्ये एक मुसलमान आचारी होता महाडचा, त्याची ही बहीण, हलिमाचाची. नवरा कुवेतला. नदीकडच्या आळीत घर, मागं पडवी, ती पडवी तिनं मला दिली, आणि मोबदला काय मागितला तर एवढंच, की महिन्याला नवऱ्याला पत्र लिहून द्यायचं.

मी पाटावर बसायचो, ती चुलीशी, आणि सांगायची, लिही, इकडील सर्व खुशाल. एकदा नदीचं पाणी घरात गुडघाभर आलेलं, आम्ही दोघं माळ्यावर, तिची कोंबडी माझ्या मांडीवर, आणि ही म्हणते लिही रे, इकडील सर्व खुशाल. मी म्हटलं चाची, खोटं कसं लिहू, तर म्हणाली बाला, तो तितक्या लांब, त्याला पाण्याचं सांगून तो काय करणार, बादल्या घेऊन येणार हाय?

पण दुसरी एक रीत होती तिची, ती मात्र कडक. कॉलेजातून आलो की दारातून ओरडायचं, आलो चाची. नुसतं घरात शिरलेलं चालायचं नाही. मी आलो म्हणायचं, तिनं आतून आलास रे म्हणायचं, मग टोपावरचं झाकण निघायचं. एकदा मी मित्राबरोबर पोलादपूरला गेलो, न सांगता, एस्टी चुकली, दुसऱ्या दिवशी आलो. तर चाची ओट्यावर बसलेली, भात तसाच झाकलेला. रागावली नाही. म्हणाली, माणूस कुठं हाय ते एका माणसाला तरी ठाऊक पायजे रे दत्ता. मला तिचा राग आला तेव्हा. म्हटलं मी काय लहान आहे?

तर ते असू दे, मूळ सांगायचं राहिलं.

मी आता आहे ती शाळा डोंगराच्या पायथ्याला, रस्त्यावर. वर, कुडपणच्या बाजूला कातळाचा सडा चढत जातो तशा वाड्या आहेत, एकेका वाडीत थोडी थोडी घरं. वरच्या वाडीत पाचवीपर्यंतच शाळा. सहावी-सातवीला खाली आमच्याकडं यायचं, आणि वाटेत पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, त्याच्यावर चालायपुरता लाकडाचा साकव. उन्हाळ्यात त्या पऱ्यात म्हशीसुद्धा बसत नाहीत इतका कोरडा, आणि श्रावणात त्याचा आवाज शाळेपर्यंत येतो. म्हणून व्हायचं काय की पाचवी झाली की पोरी घरी. पोरगे कसेतरी यायचे, पोरी घरी. कोण पाठवणार एवढ्या लांब?

मग ही नवी पद्धत आली. तीन दिवस शाळेत यायचं, तीन दिवस फोनवर शिकायचं. कागदावर तिचं मोठं नाव आहे, पण वाडीतल्या लोकांनी आपली नावं ठेवली, शाळवार आणि फोनवार. सोमवार, बुधवार, शुक्रवार शाळवार, उरलेले फोनवार. आणि मी हिच्या विरुद्ध नाही हां, हे नीट लिहा. फोन आला म्हणून पोरी सहावीत बसल्या. महाडच्या एका शाळेतल्या बाई फोनवर विज्ञान शिकवतात, त्यांनी हृदय चालताना दाखवलं, तर आमच्या सुगंधानं विचारलं, बाई, ते झोपत नाय काय कधी? बाई हसल्या, मग म्हणाल्या हा प्रश्न मला इथं महाडात कोणी विचारला नाही. एवढंसं तोंड फुललं पोरीचं.

ही सुगंधा सहावीतली. तिचं घर वाडीपासून सुटं, सड्याच्या पलीकडं, एकटं. बाप मुंबईला हॉटेलात, घरी आई आणि चुलता, रामाकाका म्हणतात त्याला सगळे, पिकअप चालवतो, वरून दूध घेऊन पोलादपूरला जातो. घरात फोन एकच, रामाकाकाचा. फोनवारी तो फोन घरी ठेवून जायचा, आणि मग दिवसभर त्याला गिऱ्हाइकांच्या शिव्या, काय रे फोन का उचलत नाय, तर हा म्हणायचा, माझा फोन शाळेत जातो.

वाडीतली बाकीची पोरं देवळाच्या पटांगणात रेंज मिळते तिथं जमायची, दोन फोनवर सहा डोकी. सुगंधा मात्र आपल्या गोठ्यामागं, एकटी, तिथं रेंज असून नसल्यासारखी. फोनच्या पडद्यावर तिचा चौकोन बहुतेक काळाच असायचा. चित्र नाही, नुसतं नाव. आवाज कधी यायचा, कधी नाही. मी ती आली असं धरायचो, कारण चौकोन आला म्हणजे पोरगी आली.

शाळवारी पोरं एकत्र निघायची. वाडीखाली एक आंबा आहे, तिथं जमायचं आणि उतरायचं. धुकं असलं की पुढचं माणूस दिसत नाही, म्हणून मी त्यांना सवय लावली होती, चालताना हजेरी द्यायची. पुढच्यानं ओरडायचं एक, मागचा दोन, तिसरा तीन, आणि एखादा नंबर आला नाही की सगळ्यांनी जागीच थांबायचं. सुगंधा सहा नंबर, वर्गाच्या हजेरीतही आणि वाटेवरही. खालून मी ऐकायचो, धुक्यातून आकडे उतरत यायचे. तेवढं ऐकलं की माझा जीव खाली बसायचा.

श्रावणातल्या एका आठवड्यात बुधवारी सणाची सुट्टी आली, म्हणून मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, पालकांच्या ग्रुपवर टाकलं की गुरुवारी फोनवार नाही, शाळवार. रामाकाकानं ते वाचलं आणि गुरुवारी सकाळी फोन खिशात टाकून गाडी घेऊन गेला, बरोबरच आहे, शाळवारी फोनचं काय काम. पण बुधवारी संध्याकाळी पाऊस लागला तो थांबेना. गुरुवारी सकाळी मोठ्या सरांनी घरूनच परत टाकलं, कोणीही निघू नका, आज फोनवरच. वाडीतल्या पोरांनी वाचलं, दप्तरं परत खुंटीला. सुगंधाच्या घरी ते कोण वाचणार? तिला लांब चालायचं म्हणून ती सगळ्यांच्या आधीच निघालेली.

हे सगळं मला नंतर कळलं हां. तेव्हा मला काय माहीत. तेव्हा मी आपला वर्गात एकटा, बाकं रिकामी, पत्र्यावर पाऊस, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवलेला, आणि एकेक चौकोन यायला लागला. देवळातले दोन आले. खालच्या आळीतले आले. आणि सुगंधाचा आला. काळा, नेहमीसारखा. मी हजेरी घेतली, सहा नंबरला आवाज आला नाही, म्हटलं रेंज नसेल, लावली हजेरी. अपूर्णांक शिकवायला घेतले. भाकरीचे चार तुकडे, त्यातले तीन खाल्ले, किती उरली. असं चाललंय बघा, आणि सुगंधाच्या चौकोनातून एकदम मोठा पुरुषी आवाज आला, गो बाय, दोन कटिंग दे आणि एक वडा, चटणी जास्त घाल.

पोरं अशी हसली म्हणता! एकजण म्हणाला, गुरुजी, सुगंधाचा आवाज फुटला. मीही हसलो. खरं सांगतो, पोट धरून हसलो. मग मागून हॉर्न वाजला, आणि मी हसायचा थांबलो. गोठ्यामागं हॉर्न कुठला?

मी ओरडलो, रामाकाका, तुम्ही आहात काय? तर तिकडून, हा गुरुजी, मीच हाय, चालू द्या तुमचं. म्हटलं सुगंधा कुठं आहे? म्हणाला घरी असेल की. तुमचा निरोप मी इथं पोलादपुरात बघितला, म्हटलं पोरगी आंब्यापर्यंत जाऊन माघारी गेली असेल, पण फोन तर माझ्याकडं, उगाच गैरहजेरी पडायची, म्हणून मीच लिंक दाबून ठेवली. हजेरी लागली ना?

देवळातल्या पोरांबरोबर वनिताताई बसते, एकीची आई, तिला म्हटलं ताई, धावत जा सुगंधाकडं, फोन बंद करू नका. गेली बिचारी पावसात. ती येईपर्यंत चौकोनांतून पोरं नुसती माझ्याकडं बघतायत. रामाकाकाची गाडी चालू झाल्याचा आवाज आला. मग वनिताताई आली, श्वास लागलेला, म्हणाली गुरुजी, तिची आई म्हणते, ती शाळेत गेलीय. सकाळीच गेली, वेणी घालून, डबा घेऊन. आई मलाच विचारते, गुरुजींजवळ नाय काय?

बघा हां काय झालं ते. आईला वाटतं पोरगी माझ्यापाशी. मला वाटतं आईपाशी. चुलत्याला वाटतं घरात. आणि माझ्यासमोर ती हजर. सगळ्यांना ती कुठंतरी होती, म्हणून तिला शोधायला कोणीच निघालं नव्हतं. आणि शाळेत ती पोचलेली नव्हती, हे मला एकट्याला ठाऊक, कारण शाळेत मी एकटा होतो. मधे राहिली वाट. आणि वाटेत पऱ्या.

शाळेत खिचडी करणाऱ्या पार्वतीवहिनी शेजारच्या घरातून माझा आवाज ऐकून आल्या, म्हणाल्या चला गुरुजी, उभे काय ऱ्हायलात. वनिताताईला सांगितलं, वरून माणसं पाठवा, आणि आम्ही दोघं निघालो. शेवटचं घर गेलं की रेंज संपते, तिथपर्यंत फोन कानाला, त्यात पोरं आपापसात कुजबुजतायत ते ऐकू येत होतं, मग तेही तुटलं. नुसता पाऊस आणि धुकं. मी मनात काय काय बघितलं ते सांगत नाही, लिहूही नका.

पऱ्यापाशी आलो तर पाणी लाल, आणि साकव अर्धा. आमच्या बाजूचा अर्धा होता, पलीकडचा नव्हता. खाली करवंदीच्या जाळीत एक काळी छत्री अडकलेली. वहिनी म्हणाल्या तिची नसेल. आता काळी छत्री कोणाची नसते? मीही म्हटलं नसेल. दोघंही तिच्याकडं बघत उभे. मग मी ओरडायला लागलो, सुगंधाऽ, सुगंधाऽ. कायसुद्धा नाही. पाण्याचा एवढा आवाज. वहिनी रडायला लागल्या, गो माझ्या बाय, गो माझ्या बाय, आणि मला आठवेना की पुढं काय करायचं असतं. डोकं रिकामं झालं. आणि रिकाम्या डोक्यानं मी जे रोज करतो तेच करायला लागलो. हजेरी घेतली. एक, म्हणून पहिल्या नंबरचं नाव ओरडलो. थांबलो. दोन. थांबलो. वहिनी माझ्याकडं बघतायत, गुरुजींना झालं तरी काय. तीन, चार, पाच. सहा नंबर घ्यावासा वाटेना, कारण हे शेवटचं होतं, याच्यानंतर करण्यासारखं माझ्याकडं काहीच नव्हतं. तरी ओरडलो.

आणि पलीकडून आलं, हाय गुरुजीऽ!

पलीकडच्या बाजूला गुरांचा एक पडका गोठा आहे, त्याच्यात बसलेली. ती साकवापाशी आली तेव्हाच तो मोडलेला होता. आंब्याखाली कोणी नव्हतं, तिला वाटलं पोरं पुढं गेली, आपल्याला उशीर झाला. मग साकव बघून तिला वाटलं, पुढं गेलेली पोरं... ते तिच्या मनात काय आलं असेल ते आलं, तिनं कधी सांगितलं नाही. पण माझ्या पहिल्या हाका तिनं ऐकल्या होत्या म्हणे. ओ दिली नाही, कारण तिला वाटलं गुरुजी उशिराबद्दल ओरडायला आलेत. नावाला ओ दिली नाही तिनं. हजेरीला दिली.

मधे पाणी, ती तिकडं, मी इकडं. धुक्यात नुसती हलताना दिसायची. मी म्हटलं तिथंच बस, हलू नको, वरून माणसं येतायत. आणि माणसं येईपर्यंत मी हजेरी घेतच राहिलो, नुसता सहा नंबर, परत परत, आणि ती परत परत हाय म्हणत राहिली. शेवटी वाडीतली माणसं आली, तिच्या आईनं तिला घोंगडीत गुंडाळलं आणि पहिली एक सणसणीत लावली, ती इकडं मला ऐकू आली. जाताना पोरगी वळून ओरडली, गुरुजी, हजेरी पडली ना? म्हटलं पडली बाय, आज दोनदा पडली.

मग वहिनींनी मला शाळेत परत आणलं.

रामाकाका संध्याकाळी आला, भिजलेला, शाळेच्या पायरीवर बसला. म्हणाला गुरुजी, मी चांगलं करायला गेलो. म्हटलं तुम्हीच काय, आपण सगळे चांगलंच करायला गेलो.

पण गोष्ट इथं संपली नाही. सुगंधाच्या आईनं तिची शाळा बंद केली. फोनवारी बसेल म्हणाली, शाळवारी धाडणार नाय. आता तुम्ही म्हणाल फोन आहे ना, शिकेल घरी. नाही हो. मी बघितलंय. आधी शाळवार सुटतो, मग फोनवार, मग गुरं, मग लग्न. काळा चौकोन हळूहळू यायचा बंद होतो आणि कोणाला कळतसुद्धा नाही. तिचं बाक रिकामं बघून मला पऱ्यासारखीच भीती वाटायची, फक्त हिला आवाज नव्हता.

फोनवारची हजेरी मी बदलली. नुसता चौकोन चालणार नाही, पोराचा आवाज पाहिजे, आणि घरातल्या मोठ्या माणसानं बोललं पाहिजे की हो, माझ्यासमोर आहे. शाळवारी पोरं निघाली की वनिताताईचा फोन, पोचली की माझा. लोक चिडवतात, गुरुजींची हजेरी धड्यापेक्षा लांब. असू दे.

मग मी वर गेलो, सुगंधाच्या आईकडं. साकव तोवर बांधून झालेला. तिला सांगितलं, निघाली की मला कळेल, पोचली की तुम्हाला कळेल. ती शेणी थापत होती, मान वर केली नाही, म्हणाली, आणि मधल्या वाटेचं? मी निघालो, गोठ्यापर्यंत आलो, तर तिनं मागून हाक मारली, गुरुजी, साकवापर्यंत मी आणीन. तिथून कोण नेईल? म्हटलं मी नेईन. म्हणाली रोज? म्हटलं रोज. त्यावर म्हणाली, बघू.

आता हे चाललंय. पाऊस आहे, साकव नवा आहे पण लाकडाचाच आहे. माझी भीती कमी झाली असं मी म्हणणार नाही. सगळी पोरं सुखरूप राहोत, दुसरं काय मागायचं.

चाची आता मुंब्र्याला लेकीकडं असते. फोनवर बोलत नाही, म्हणते आवाज येतो नि जातो, कागद हातात राहतो. सुगंधा परत शाळेत यायची होती त्या सकाळी मी तिला पत्र लिहायला घेतलं होतं. पाठवण्याआधी माझ्यासाठी उतरवून ठेवलं. तुम्ही विचारलंत म्हणून वाचतो.

ती. हलिमाचाचीस दत्ताचा सलाम आणि नमस्कार.

इकडील सर्व खुशाल, असं लिहायला बसलो आणि थांबलो. तुम्ही मला शिकवलंत की लांबच्या माणसाला पाण्याचं लिहायचं नाही. पण चाची, मी घाबरलेलो आहे आणि ते कोणाला तरी सांगायचं आहे. शाळेतली एक पोर अर्धा दिवस कुठं आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा मला तुमचा झाकलेला भात आठवला. मी त्या वेळी तुमच्यावर रागावलो होतो. तुम्ही रात्रभर ओट्यावर काय केलं असेल ते मला आत्ता कळलं.

तुमच्यामुळे मी शिकलो असं मी सगळ्यांना सांगतो, पण शिकलो म्हणजे परीक्षा पास झालो एवढंच मला वाटत होतं. आता पोरं शाळेत आली की दारातून आलो गुरुजी म्हणतात, आणि मी आलास रे, आलीस गो म्हणतो. मगच फळा पुसतो.

गुडघ्याला तेल लावत जा. नातीला हे पत्र सावकाश वाचायला सांगा.

आज शाळेचा वार आहे. ती पोर आज पहिल्यांदा परत यायची आहे, आई साकवापर्यंत आणेल असं म्हणाली होती. आणेल की नाही माहीत नाही. धुकं आहे. मी आता न्यायला जातो, पाकीट उघडंच ठेवतो. परत आल्यावर खाली लिहीन.

आलो चाची. दोघंही आलो.